वाऱ्यानं फाटेल म्हणून

गेल्या डिसेंबरातल्या एका संध्याकाळी नाताळची गाणी गात फिरणारी मंडळी पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि आमच्या दारी न येताच पुढे निघून गेली; त्यांना येऊ नका असं सांगणारा मी होतो. ही गोष्ट एका सरळ वाक्यात लिहिता येते हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी तिच्यासाठी मी मनात कितीतरी लांबलचक आणि दिसायला सुंदर वाक्यं रचून ठेवली होती. त्यांत घरमालकांची प्रकृती होती, गल्लीतली शांतता होती, काळ कठीण असल्याची खंत होती, एका तरुण माणसाबद्दलची काळजी होती. मी स्वतः मात्र त्यांत कुठेच नव्हतो.

ती संध्याकाळ आठवली की सर्वांत आधी तिचा वास येतो. तुपात परतलेल्या खोबऱ्याचा, वेलदोड्याचा, तळणीच्या तेलाचा, आणि त्या सगळ्यांच्या खाली, एखाद्या संथ षड्जासारखा सतत असलेला, नव्या कापसाचा कोरडा, उबदार वास. आमच्या घरात तो थंडीभर असे. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाचा तिरपा पट्टा आत आला की त्यात कापसाचे तंतू इतक्या सावकाश तरंगताना दिसत, की जणू खोलीतल्या हवेलाच कुठे जायची घाई नाही. चहाच्या कपावर ते येऊन बसत, वाचत असलेल्या पुस्तकाच्या पानावर बसत, आणि योहानच्या काळ्याभोर केसांत तर दिवसभर अडकून राहत.

कापूस सलीमभाऊंचा. ते धुळ्याचे, घराण्यात पिंजाऱ्याचं काम चालत आलेलं. आता पिंजणं यंत्रावर होतं, पण रजईचे टाके हातानेच घालावे लागतात आणि जळगावात थंडीच्या दिवसांत त्या टाक्यांना मागणी असते. म्हणून दिवाळी झाली की ते इकडे येत, आमच्याच घरात राहत आणि होळीच्या सुमारास परत जात. योहान गावित धुळे जिल्ह्याच्या अगदी पश्चिमेचा, पिंपळनेरच्याही पुढे डोंगर सुरू होतो तिथला. शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर सातपुड्याकडून कामाला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये एक वर्ग चालतो. तिथे आम्ही दोघं स्वयंसेवक म्हणून शिकवत होतो. तो पंचविशीचा, उत्साहाने आलेला. मी पन्नाशी ओलांडलेला, नाशिकच्या विमा कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन, आयुष्यात काहीतरी चांगलं करायचं राहून गेलं या टोचणीने आलेला. चांगलं करायला निघालेल्या माणसाने स्वतःकडे जरा बारकाईने पाहावं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

दिवसाची लय ठरलेली होती. पहाटे नळाला पाणी आलं की योहान उठे, भांडी भरता भरता आपल्या मावची बोलीत काहीतरी गुणगुणे. त्या आवाजाने मला जाग येई, आणि चहा मी करी. भाकरी योहानची, भाजी सलीमभाऊंची. शेवभाजीत ते इतकं तिखट घालत, की योहान डोळे पुसत म्हणे, "सलीमभाऊ, ही भाजी आहे की शिक्षा?" आणि ते शांतपणे उत्तर देत, "शिक्षाच आहे. भाकरी जाड केली त्याची." मग आम्ही दोघं माझ्या स्कूटरवरून निघत असू. केळीने भरलेल्या ट्रकांमागून, धुक्यातून, कोवळ्या उन्हातून; आणि भट्ट्यांचा धूर दिसू लागला की मागे बसलेला योहान न चुकता शीळ घाली. त्या शिळेवर मुलं विटांच्या रांगांमधून धावत सुटत. माझ्यासाठी ती कधी धावली नाहीत. याचं मला वाईट वाटे, आणि वाईट वाटतं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

घर मी माझ्या नावावर भाड्याने घेतलं होतं. घरमालक नाना आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, वरच्या मजल्यावर राहतात. घर घेताना नानांनी विचारलं होतं, "कोण कोण राहणार?" मी म्हणालो होतो, "मी, गावित सर आणि थंडीत सलीमभाऊ." योहान हे नाव मी घेतलं नाही. मुद्दाम गाळलं असं नाही, पण घेतलंही नाही. आणि सलीम हे नाव लपवता येण्यासारखं नसल्यामुळे ते घेतल्याचा मोठेपणा मात्र मनातल्या मनात पदरात पाडून घेतला. नानांनी पुढे काही विचारलं नाही. त्या न विचारण्याला मी माझी हुशारी समजलो. गल्लीतही मी त्याची ओळख "आमचे गावित सर" अशीच करून देत असे. योहानच्या ते लक्षात आलं असेल का? आता वाटतं, आलंच असेल. ज्या माणसाचं अर्धं नाव दुसरा कुणी सारखा खिशात घालत असतो, त्याला खिशाकडे जाणारा हात दिसत असणारच.

डिसेंबर लागला आणि योहानने रंगीत कागद, कामट्या आणि खळ आणून एक चांदणी करायला घेतली. संध्याकाळी मुलांच्या पाट्या बाजूला ठेवून तो जमिनीवर मांडी घालून बसे, आणि शेजारी सलीमभाऊ रजईवर ओणवे होऊन टाके घालत. दोघांच्या हातांना एकच दिवा पुरे. पुढे त्याने पुठ्ठ्याची एक गव्हाणी, म्हणजे येशूच्या जन्माचा गोठा, केली, तिच्यात ठेवायला मातीचं बाळ भट्टीवरच्या एका मुलीकडून करून घेतलं, आणि छपरावर टाकायला सलीमभाऊंकडे थोडा कापूस मागितला.

"छपरावर कापूस कशाला?"

"बर्फ म्हणून."

"तुमच्या बेथलेहेमात बर्फ पडत होता काय?"

योहान विचारात पडला. "चित्रात तर असतो."

"चित्रवाल्याला काय जातंय? इथं कापसाचा भाव बघा." असं म्हणून त्यांनी मूठभर कापूस घेतला, आणि छपरावर न टाकता, चिंधीच्या कापडाची तळहाताएवढी गादी शिवून, तिला चारही बाजूंनी रीतसर टाके घालून, ती गव्हाणीत अंथरली. "गवतावर लेकराला झोपवू नका," ते म्हणाले, "टोचतं." ती गादी पाहून योहानने मातीचं बाळ उचललं, त्याची पाठ पुसली आणि हलकेच त्यावर ठेवलं. माझ्या मुलीला त्याच महिन्यात मुलगी झाली होती, पत्नी तिच्याकडे पुण्याला होती. त्या क्षणी माझ्या आत काहीतरी विरघळलं, आणि आपण तिघं किती चांगले आहोत, या विचाराने मी स्वतःवरच प्रसन्न झालो.

त्यानंतर दोन दिवसांनी चांदणी पूर्ण झाली. लाल आणि पिवळ्या कागदाची, आतून दिवा लागला की पिकलेल्या पपईसारखी उजळणारी. योहान ती घेऊन दाराबाहेर गेला आणि खिळा कुठे ठोकावा ते पाहू लागला. मी आतून म्हणालो, "आतच लाव ना योहान. बाहेर वाऱ्यानं फाटेल." जळगावच्या डिसेंबरात वारा असतो, नाही असं नाही. तो क्षणभर थांबला, मग "बरं सर" म्हणून आत आला, आणि चांदणी कपाटाच्या कडीला टांगली गेली. तिचा उजेड भिंतीवर पडे, कापसावर पडे, आमच्या तिघांच्या तोंडावर पडे. रस्त्यावर पडत नसे.

त्या वर्षी तो नाताळला गावी जाणार नव्हता. वीटभट्टीच्या मुलांना सुट्टी नसते. आम्हा दोघांपैकी एकाला थांबावं लागणार होतं, आणि नातीचं बारसं नाताळच्या दुसऱ्याच दिवशी असल्यामुळे सुट्टी मी आधी मागितली होती. योहानने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. फक्त एकदा, स्कूटरवर मागे बसून, वाऱ्यात अर्धंमुर्धं ऐकू येईल असं तो आपल्या गावच्या नाताळबद्दल बोलला. नाताळच्या आधीच्या आठवड्यात गाणारी मंडळी ढोलकी घेऊन घरोघर जातात, डोंगर उतरून, ओढा ओलांडून, शेवटच्या घरापर्यंत. आई दिवसभर अंगण सारवते, गोधड्या अंथरते, चहाचं मोठं पातेलं चुलीवर ठेवते. एका वर्षी ओढ्याला पाणी होतं आणि मंडळी पलीकडूनच गाऊन गेली, तर आई रात्रभर जेवली नाही. "ती म्हणते, ज्या दारी गाणं येतं, ते दार देवाच्या माणसांनी मोजलेलं असतं." मग जरा थांबून तो म्हणाला, "इथल्या मंडळींना मी आपला पत्ता दिलाय सर. येतो म्हणालेत. आईला सांगितलं, तर ती विचारते, तुझ्याकडे अंगण आहे का?"

मी हसलो. काय म्हणालो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की पुढच्या वळणावर मला गल्लीतली एकेक खिडकी डोळ्यांपुढे दिसू लागली.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी घरी एकटा असताना डेव्हिडकाका आले. भुसावळला रेल्वेत आयुष्य काढून निवृत्तीनंतर जळगावात स्थायिक झालेले, उंच, किंचित वाकलेले, स्कूटर दारात लावण्याआधी "इथं चालेल ना?" असं विचारणारे गृहस्थ. गाणाऱ्या मंडळींचं काम त्यांच्याकडे होतं. लहान मुलं धरून बरीच माणसं येतील, गाड्या कुठे लावाव्यात, गिटारबरोबर ढोलकीही असेल, एवढंच विचारायला ते आले होते. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि अत्यंत सभ्य, मृदू, संस्कारी मराठीत म्हणालो की आपण आलात याचा आनंद आहे, पण वर आमचे घरमालक आजारी असतात, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांना आवाज सोसत नाही, तेव्हा या वर्षी आमच्या घरापुरतं राहू दिलं तर बरं.

शस्त्रक्रिया झाली होती हे खरं. मोतीबिंदूची.

डेव्हिडकाकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. एखादा रोजचाच सिग्नल लांबून ओळखावा तशी ओळख होती. "योहानला माहीत आहे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मी सांगतो त्याला." ते उठले, ग्लास जागेवर ठेवला. "अडचण असते एकेकाची. नंबर ठेवा माझा, काही बदललं तर कळवा. अगदी आयत्या वेळी कळवलं तरी येऊ."

मी त्याला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असं म्हणता म्हणता ती संध्याकाळ उजाडली. संध्याकाळ उजाडते असं कुणी म्हणत नाही, पण मला ती तशीच वाटली, सगळं स्वच्छ दाखवायला आलेली. वर्गावरून परतलो तर घर ओळखू येईना. सलीमभाऊंनी गिऱ्हाइकांच्या तयार रजया घडी करून कडेला रचल्या होत्या आणि मधे नव्याकोऱ्या सतरंज्या अंथरल्या होत्या. योहान त्या दिवशी लवकर परतून करंज्या तळत होता. करंज्या कापायचं कातणं अक्कांकडून आणलेलं होतं, आणि थोड्या वेळाने जिन्यावरून अक्काच दुधाची बरणी घेऊन खाली आल्या. "एवढा लोके येतीन, चहाले दूध पुराले जोयजे," म्हणाल्या. बरणी ओट्यावर ठेवून त्यांनी चांदणीकडे पाहिलं, गव्हाणीकडे पाहिलं, गादीवरच्या बाळाला बोटाने हळूच स्पर्श केला आणि वर गेल्या.

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. माझ्या खिडक्या, माझी गल्ली, माझ्या भीतीचं सगळं सामान ज्या घरावर रचलेलं होतं, ते घर खाली येऊन दूध ठेवून गेलं होतं. फोन माझ्या खिशात होता. नंबर त्यात होता. अजून वेळ होती. तरी मी फोन केला नाही. कारण फोन केला असता तर आधी नको म्हणालो होतो हे उघड झालं असतं, आणि भित्रा ठरण्यापेक्षा मला त्या क्षणी दुष्ट असणं सोपं वाटलं. ते तसंच होतं.

दिवेलागण झाली. चहाचं पातेलं मंद आचेवर होतं. मग दूर कुठेतरी ढोलकीचा ठेका आला, गिटार आली, मुलांचे उंच आवाज आले. योहान शर्टाच्या बाह्या खाली करत उठला. त्याने केस विंचरले, केसांतला कापूस झटकला. आवाज मुख्य रस्त्याने जवळ येत गेला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोचला, इतका स्पष्ट की शब्द कळावेत. आणि तिथे, कुणी श्वास घ्यायला थांबावं तसा, किंचित मंदावला. पुढे तो दुसऱ्या बाजूला वळला आणि उतरत गेला.

"रस्ता चुकले," योहान म्हणाला आणि चपला शोधू लागला. "कोपऱ्यावर उभा राहतो मी."

मी म्हणालो, "थांब. येतील फिरून."

डेव्हिडकाकांना सांगितलेलं खोटं भित्रेपणाचं होतं. हे दुसरं कशाचं होतं, त्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. तो थांबला. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून, एक चप्पल पायात, एक हातात, दारात उभा राहिला. चहावर साय धरली. सलीमभाऊंनी एक करंजी उचलली, पुन्हा ठेवली. योहानने डेव्हिडकाकांना फोन लावला, तो कुणी उचलला नाही; गाणाऱ्यांना कुठला फोन ऐकू येणार? बऱ्याच वेळाने डेव्हिडकाकांचाच उलटा फोन आला. योहान "हो काका, हो, काही हरकत नाही" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवून आमच्याकडे वळला. "वेळ पुरला नाही म्हणाले." एका परक्या माणसाने माझी लाज झाकली होती, आणि त्यासाठी तो स्वतः खोटं बोलला होता.

योहान सतरंज्यांच्या घड्या करू लागला. एका घडीवर हात ठेवून म्हणाला, "शहरातली मंडळी आहेत सर. डोंगरातल्या माणसाला कशाला मोजतील?" त्याने हे अगदी सहज, अगदी सवयीने म्हटलं, आणि मी दुसऱ्या सतरंजीची घडी करू लागलो.

नंतरच्या दिवसांत घरातली हवा बदलली नाही; फक्त पहाटेचं गुणगुणणं बंद झालं. करंज्या आम्ही भट्टीवरच्या मुलांना वाटल्या. रविवारी योहान चर्चला गेला नाही. दोरीवर कपडे वाळत घालत बसला. नाताळलाही जाणार नाही म्हणाला, आणि जानेवारीत गावाकडेच कुठे काम बघतो असंही बोलला, जसं काही पाण्याची वेळ बदलल्याचं सांगावं. गावचा डोंगर तिथूनच दिसत असल्यासारखा तो लांब कुठेतरी पाहत होता. सलीमभाऊ त्याला हसवायला पाहत. "जाताय तर तुमच्या बाळाची गादी धुऊन द्या, मी दुसऱ्याला विकतो." तो हसे, पण उशिरा.

गाणारे का आले नाहीत हे विचारायला अक्कांनी मला जिन्यात गाठलं. "सर, गाणावाला काबर उनात नही? मी त गच्चीवर खुर्ची टाकीसन बठेल व्हती." मी सवयीने, विचार न करता, तेच जुनं वाक्य काढलं. नानांना आवाजाचा त्रास नको म्हणून, असं काहीतरी. आतून, पलंगावर डोळ्याला हिरवं कापड लावून बसलेले नाना खळखळून हसले. "मना डोयाले पट्टी शे सर, कानले नही!" त्यांचं हसणं थांबेना. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांना माझ्या वाक्यातून सगळं कळलं होतं. त्या माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिल्या, एखाद्या शिकलेल्या पण अजून वाढ न झालेल्या मुलाकडे पाहावं तशा, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "त्याले तुम्हीच सांगा. मी सांगाव नही."

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी हातोडी आणि खिळा शोधून काढला. सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून काहीतरी ठोकायला निघालो होतो. कपाटाच्या कडीवरची चांदणी काढली, बाहेर गेलो आणि दाराच्या चौकटीवर खिळा मारू लागलो. गल्लीत दूधवाला होता, समोरच्या ओट्यावर कुणी निवडायला मेथी घेऊन बसलं होतं. कुणीही मान वळवून पाहिलं नाही. ज्या नजरांच्या धाकाने मी एवढं केलं होतं, त्या सगळ्या मेथीत आणि दुधाच्या मापात होत्या.

मागे योहान येऊन उभा राहिला होता. हातात ओली बादली.

"वाऱ्यानं फाटेल ना, सर?"

त्याचा आवाज शांत होता. वाक्य माझंच होतं, त्याने ते इतके दिवस जपून ठेवलं होतं आणि आता फक्त परत केलं होतं. चांदणी खिळ्याला अडकवून मी हातोडी खाली ठेवली. आणि तिथेच, दारात, रस्त्याकडे तोंड करून, मी त्याला सांगितलं. डेव्हिडकाका आले होते, मी नको म्हणालो, त्या संध्याकाळी तू कोपऱ्यावर जायला निघालास तेव्हा मीच तुला थांबवलं. आत रजईवरची सुई थांबल्याचं मला पाठीने कळलं.

योहानने बादली खाली ठेवली. मी घाईने म्हणालो, "मी बारशाचं तिकीट रद्द करतो. तू आज घरी जा."

"तिकीट रद्द करून काय होणार?" तो म्हणाला. "तुमच्या नातीनं काय केलंय?"

आतून सलीमभाऊंचा आवाज आला. "सरजी, एवढे दिवस ही गोष्ट पोटात घेऊन माझी शेवभाजी कशी पचवली तुम्ही?" कुणी हसलं नाही, पण त्यामुळे आम्हाला श्वास घेता आला.

मग योहान म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज फाटला, "डेव्हिडकाकांशी मी आठवडाभर बोललो नाही. आणि आईला फोनवर सांगितलं, इथली आपली माणसं मला मोजत नाहीत. ती रडली. आता तिला काय सांगू? मी सांगितलं तर तिला वाटेल, तिला बरं वाटावं म्हणून सांगतोय." त्याने खिशातून फोन काढला. "तुम्ही सांगा."

मी फोन हातात घेतला तेव्हा मनात जमवाजमव सुरू झाली; परिस्थिती, गैरसमज, हेतू, सगळे शब्द आपापल्या जागी येऊन उभे राहू लागले. योहान म्हणाला, "तिला मराठी थोडंच कळतं सर. सोपं बोला."

फोन लागला. पलीकडे वारा होता, कोंबड्या होत्या, कुणीतरी भांडं आपटलं, आणि एक म्हातारा, सावध आवाज म्हणाला, "कोण?" मी माझं नाव सांगितलं. योहानबरोबर शिकवतो म्हणालो. "हां, सर," ती म्हणाली, आणि तिला येत असलेल्या मराठीतलं बहुधा सर्वांत आधी शिकलेलं वाक्य तिने मला दिलं, "जेवले का?"

आयुष्यभर वापरलेली माझी भाषा माझ्या कामाची नव्हती. तिच्यातल्या एकाही लांब शब्दाला त्या डोंगरातल्या घरात उतरायला जागा नव्हती, आणि जे शब्द उतरू शकत होते त्यांत लपायला जागा नव्हती. उन्हात चांदणीचा लाल कागद हलत होता. वारा होता, पण ती फाटत नव्हती.

"आई," मी म्हणालो, "गाणारे लोक येणार होते. मी नको म्हटलं. मला भीती वाटली. ते लोक चांगले. योहान चांगला. चूक माझी. मी माफी मागतो."

मग ती तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली, थोडं लांब, मधे एकदा थांबून. मी योहानकडे पाहिलं. जवळच उभ्या असलेल्या त्याला ते ऐकू गेलं होतं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याने मान दुसरीकडे वळवली. त्याने अर्थ सांगितला नाही. मी विचारला नाही. मी फोन कानाशी धरून पुन्हा एकदा, आणखी हळू म्हणालो, "चुकलो, आई."